मनोरुग्णालयात तीन वर्षं काढलेल्या पोराने जगाला मनाच्या आजारावर बोलायला लावलं

३० ऑगस्ट १९०२. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्डच्या एका खाजगी मनोरुग्णालयात २६ वर्षांचा एक पेशंट आपल्या सख्ख्या भावाची वाट बघत होता. भाऊ आधीही अनेकदा येऊन गेला होता. पण या पोराचा त्याच्यावर विश्वास नव्हता. हा आपला भाऊ नाहीच, भावासारखा दिसणारा पोलिसांचा माणूस आहे, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आई आली तरी तेच आणि वडील आले तरी तेच. दोन वर्षं तो घरच्या कुणाशी नीट बोललाच नव्हता.

मग त्याने एक परीक्षा घ्यायची ठरवली. दुसऱ्या एका पेशंटने गावच्या डिरेक्टरीत बघून भावाचा पत्ता खरा असल्याचं सांगितलं होतं. त्या पत्त्यावर त्याने गुपचूप एक चिठ्ठी धाडली. तू खरंच माझा भाऊ असशील तर हीच चिठ्ठी हातात घेऊन मला भेटायला ये, असा तिचा मतलब. पोलिसांच्या हेराला या चिठ्ठीची खबर असणार नाही, हे त्यामागचं लॉजिक.

भाऊ आला आणि त्याने खिशातून ती चिठ्ठी काढून दाखवली.

एका क्षणात दोन वर्षांचं सगळं जाळं तुटलं. नंतर त्या पोराने हिशोब मांडला तेव्हा तो काळ ७९८ दिवसांचा भरला. त्याचं नाव क्लिफर्ड बिअर्स. आज मानसिक आजारातून उठलेल्या माणसाला घर, काम, सोबत मिळवून देणाऱ्या ज्या संस्था अमेरिकेत आणि कॅनडात गावोगाव दिसतात, त्यांचा उगम शोधत मागे गेलं की त्यातली मोठी वाट या माणसापाशी येऊन थांबते.

तर आधी तो तिथे पोहोचला कसा ते बघू.

क्लिफर्डचा जन्म ३० मार्च १८७६ चा, न्यू हेवन गावातला. खाऊनपिऊन सुखी असं मध्यमवर्गीय घर. न्यू हेवन म्हणजे येल विद्यापीठाचं गाव, त्यामुळे पोरगं शिकून येलला जाणार हे ठरलेलंच होतं. पण तो कॉलेजात जायच्या सुमारासच मोठ्या भावाला फिट यायला लागल्या. भावाची सेवा करण्यात क्लिफर्डचा बराच वेळ जायचा. भावाला येणारी फिट तो जवळून बघत होता आणि एक भीती त्याच्या मनात घर करून बसली की हे उद्या आपल्यालाही होणार. ही भीती त्याने कुणाला सांगितली नाही. वर्गात, मित्रांत तो हसतखेळत वावरायचा. १८९७ साली डिग्री घेतली आणि न्यूयॉर्कला नोकरीला लागला, तरी ती भीती सोबत होतीच.

१९०० च्या उन्हाळ्यात तो नोकरी सोडून घरी परतला. काही दिवसांतच, २३ जूनला, त्याने घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून उडी घेतली. खाली फरसबंदी होती, पण तो पडला त्याच्या शेजारच्या मऊ मातीत. पायाची हाडं मोडली, जीव वाचला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तो आजारी भाऊ वारला. त्याच्या मेंदूत गाठ होती.

म्हणजे ज्या आजाराच्या धास्तीने क्लिफर्डने आयुष्याची पाच-सहा वर्षं जाळली, तो त्याला कधी होणारच नव्हता. पण तोवर दुसराच आजार येऊन बसलेला होता.

पायावर उपचार करायला त्याला इस्पितळात नेलं. त्या खोलीच्या खिडकीला गज होते. क्लिफर्डने ते बघितले आणि अर्थ लावला की हा तुरुंग आहे. आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे गुन्हा, त्या गुन्ह्यात आपल्याला अटक झालीय, आता खटला चालणार. मग नर्स, डॉक्टर, शेजारचा पेशंट, सगळे त्याला पोलिसांचे हेर दिसायला लागले. कानात आवाज यायला लागले. जेवणात विष कालवलंय असं वाटायला लागलं. (आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानणारं कलम आपल्याकडेही दीडशे वर्षं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सांगितलं की असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारने त्याला उपचार द्यायचे.)

तिथून पुढची तीन वर्षं तो तीन मनोरुग्णालयांत फिरला. दोन खाजगी आणि एक सरकारी. योगायोग म्हणजे आपल्याकडे ठाण्याचं मनोरुग्णालय सुरू झालं तेही याच काळात, १९०१ साली. जगभर तेव्हा एकच पद्धत होती. गावाबाहेर मोठं आवार, उंच भिंती, आत गेलेला माणूस बाहेर येईलच याची खात्री नाही. औषधं म्हणावी अशी औषधं नव्हतीच. जे होतं ते सांभाळणं आणि बांधून ठेवणं.

आता परत त्या चिठ्ठीच्या दिवसाकडे येऊ. भाऊ खरा निघाला, संशयाचं जाळं तुटलं. इथे सिनेमा असता तर हिरो बरा झाला असता. पण मनाचा आजार इतका सरळ चालत नाही. क्लिफर्डची गाडी एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला गेली. दोन वर्षं मुका असलेला माणूस आता बोलायचा थांबेना. झोप लागेना. कागद पुरेना इतकं लिहायला लागला. आपण जगातली सगळी मनोरुग्णालयं सुधारणार, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला. आज ज्याला बायपोलर म्हणतात त्याच्याशी हे वर्णन बरंच जुळतं.

या उन्मादातच त्याने ठरवलं की सुधारणा करायची तर आधी सगळ्यात वाईट वॉर्ड आतून बघायला हवा. मग मुद्दाम डॉक्टरांशी भांडण काढलं आणि हिंसक पेशंटच्या वॉर्डात स्वतःची रवानगी करून घेतली.

तिथे जे दिसलं ते त्याच्या अंदाजाच्या पलीकडचं होतं. एका डॉक्टरने त्याला स्ट्रेट जॅकेटमध्ये घातलं. हा जाड कापडाचा अंगरखा असतो, त्याच्या बाह्या लांब आणि टोकाला शिवलेल्या. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन त्या बाह्यांच्या दोऱ्या पाठीमागे आवळून बांधायच्या. पहिल्या रात्री तो इतका घट्ट आवळला होता की हात सुजून बधिर झाले. सैल करा म्हणून तो ओरडत राहिला, कुणी आलं नाही. अशा २१ रात्री त्याने काढल्या.

घरचे पैसे संपत आले तेव्हा त्याला मिडलटाऊनच्या सरकारी इस्पितळात हलवलं. तिथला हिंसक वॉर्ड त्याहून वाईट. थंडीत नुसत्या आतल्या कपड्यांवर गार कोठडीत ठेवायचे. वॉर्डातले अटेंडंट पेशंटना मारायचे. क्लिफर्डच्या एक गोष्ट लक्षात आली. जे पेशंट स्वतःचं गाऱ्हाणं मांडू शकत नव्हते, मार जास्त त्यांनाच पडायचा. कारण त्यांच्याकडून तक्रार होण्याची शक्यताच नव्हती. आणि तक्रार केलीच तरी वेड्याच्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवणार?

हे अटेंडंट जन्मजात राक्षस होते असं मात्र त्याने कधी म्हटलं नाही. पगार तुटपुंजा, ड्युटी चौदा-पंधरा तासांची, ट्रेनिंग शून्य. नवा पोरगा जुन्यांना बघून मारायला शिकायचा. त्याला चांगले अटेंडंटही भेटले होते. त्यातल्या एकाच्या तर घरीच तो काही दिवस राहिला होता. म्हणजे दोष माणसांपेक्षा व्यवस्थेत जास्त आहे हे त्याला तिथेच, पेशंट असतानाच कळलं. पुढच्या सगळ्या कामाचा पाया हाच.

त्याने लपूनछपून राज्याच्या गव्हर्नरला लांबलचक पत्र लिहिलं आणि बाहेर पोहोचवलं. गव्हर्नरने त्याची दखल घेतली आणि क्लिफर्डचे हाल थोडे कमी झाले. हळूहळू मन शांत होत गेलं आणि सप्टेंबर १९०३ मध्ये त्याला डिस्चार्ज मिळाला.

बाहेर आल्यावर बहुतेक लोक काय करतात? ती तीन वर्षं आयुष्यातून पुसून टाकतात. नोकरी शोधतात, लग्न जमवतात, विषय निघाला की बदलतात. क्लिफर्डनेही आधी तेच केलं. न्यूयॉर्कला जुन्या क्षेत्रात नोकरी धरली, कामही चांगलं जमलं. पण डोक्यातून ते वॉर्ड जाईनात. १९०५ च्या सुरुवातीला पुस्तक लिहायला बसला आणि लिहिताना पुन्हा तीच जुनी तार चढायला लागली. झोप कमी, बोलणं जास्त.

यावेळी त्याने वेगळी गोष्ट केली. आजाराची चाहूल त्याने ओळखली आणि स्वतःच्या पायाने इस्पितळात जाऊन महिनाभर राहिला. तेही त्याच हार्टफर्डच्या इस्पितळात, जिथे त्याला जॅकेटमध्ये आवळलं होतं. ही गोष्ट त्याच्या चरित्रात दोन ओळींत उरकली जाते, पण खरं तर फार मोठी आहे. आपल्याला काय होतंय हे कळणं आणि वेळेत मदत मागणं, आजच्या पुनर्वसन केंद्रांत पेशंटला आणि घरच्यांना हेच तर शिकवतात.

बरा होऊन आला आणि पुस्तक पूर्ण केलं. पण नुसतं पुस्तक छापून उपयोग नाही हे त्याला ठाऊक होतं. वेडा होता, काहीतरी बरळतोय, म्हणून लोकांनी ते बाजूला टाकलं असतं. इथे त्याच्यातला येलचा पदवीधर आणि नोकरीतला सेल्समन कामाला आला. त्याने हस्तलिखित थेट हार्वर्डच्या विल्यम जेम्स यांना पाठवलं. मानसशास्त्रात तेव्हा अमेरिकेत यांच्याहून मोठं नाव नव्हतं. जेम्स यांना ते आवडलं, त्यांनी शाबासकीचं पत्र धाडलं आणि ते पुस्तकात प्रस्तावना म्हणून छापायलाही दिलं. पुढे कामासाठी एक हजार डॉलरही दिले.

दुसरं मोठं नाव डॉ. अडॉल्फ मायर. मूळचे स्वित्झर्लंडचे, अमेरिकन मानसोपचारातला मोठा माणूस. त्यांनी हस्तलिखितातला भडकपणा कमी करायला लावला आणि चळवळीला एक नावही सुचवलं, मेंटल हायजीन. शरीराची स्वच्छता असते तशी मनाची निगा. टीबी आणि कॉलऱ्याच्या त्या जमान्यात हायजीन हा शब्द घरोघरी पोहोचलेला होता, त्यामुळे लोकांना तो चटकन कळला.

मार्च १९०८ मध्ये पुस्तक आलं. नाव 'अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ'. स्वतःचं नाव त्याने उघड छापलं, पण ज्यांनी छळलं त्या डॉक्टरांची आणि इस्पितळांची नावं गाळली. हिशोब साधा होता. बदला घेतला असता तर डॉक्टर मंडळी विरोधात गेली असती आणि डॉक्टरांशिवाय सुधारणा झाली नसती.

पुस्तक गाजलं, आणि लगेच ६ मे १९०८ ला न्यू हेवनमध्ये डझनभर लोकांना जमवून त्याने कनेक्टिकट सोसायटी फॉर मेंटल हायजीन स्थापन केली. पुढच्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १९०९ ला, राष्ट्रीय समिती.

या छोट्या राज्य सोसायटीच्या कामात एक गोष्ट होती जी तेव्हा जवळपास कुणी करत नव्हतं. इस्पितळातून सुटलेल्या माणसाची नंतरची काळजी. गेटबाहेर पडलेल्या पेशंटला नोकरी कोण देणार, खोली भाड्याने कोण देणार, घरच्यांनी त्याच्याशी कसं वागायचं, बिघडायला लागलं तर कुणाकडे जायचं? क्लिफर्डला हे कुणी सांगायची गरज नव्हती, तो त्याच गेटमधून बाहेर आला होता. १९१३ मध्ये न्यू हेवनमध्येच त्याने क्लिनिक सुरू केलं, जिथे माणूस भरती न होता येऊन, बोलून, सल्ला घेऊन परत घरी जाऊ शकत होता. अमेरिकेतल्या अशा अगदी पहिल्या क्लिनिकांत त्याची गणना होते.

राष्ट्रीय समितीची मात्र सुरुवातीला दैना होती. कागदावर संस्था, खिशात दमडी नाही. क्लिफर्ड उधारीवर जगत होता, कर्ज वाढत होतं. मायर यांचं म्हणणं की आधी एका राज्यात नीट काम करू, मग देशाचं बघू. क्लिफर्डला धीर नव्हता. शेवटी मायर बाजूला झाले. खरं बोलायचं तर दोघांचंही चुकलं नव्हतं, पण हेकटपणात क्लिफर्डचा नंबर पहिला होता. १९११ च्या सुमारास हेन्री फिप्स या पोलादवाल्या श्रीमंताने ५० हजार डॉलर दिले आणि गाडी रुळावर आली.

१९१२ मध्ये त्याने क्लारा जेप्सनशी लग्न केलं. दोघांनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं, कारण घराण्यातला आजार. क्लिफर्डच्या इतर भावांनाही मानसिक आजाराने गाठलं होतं.

त्याच वर्षी डॉ. थॉमस सॅल्मन समितीत आले आणि खरं काम सुरू झालं. राज्याराज्यात माणसं पाठवून पाहणी केली, तेव्हा कळलं की कित्येक ठिकाणी मनोरुग्णांना अजून अनाथाश्रमासारख्या गरीबखान्यांत आणि जेलमध्ये कोंडलेलं आहे. हे अहवाल दाखवून कायदे बदलून घेतले. पहिल्या महायुद्धात सैनिकांना शेल शॉक व्हायला लागला, तेव्हा अमेरिकन सैन्याच्या मानसोपचाराची जबाबदारी सॅल्मन यांच्यावरच आली. धडधाकट, शूर पोरांची मनंही मोडतात हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं. मानसिक आजार म्हणजे घराण्याचा डाग, ही समजूत त्याने थोडी का होईना सैल झाली.

या चळवळीला एक काळी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. त्या काळात अमेरिकेत सुप्रजननाचं खूळ होतं. दुबळ्या मनाच्या माणसांना मुलं होऊच देऊ नयेत, त्यांची सक्तीने नसबंदी करावी, असे कायदे राज्याराज्यात होत होते. मेंटल हायजीनमधल्या अनेक बड्या मंडळींना हे पटत होतं. दुसरी गोष्ट अशी की समितीच्या टेबलाभोवती डॉक्टर, प्रोफेसर, बँकर दिसायचे. आजारातून उठलेला माणूस असा एकटा क्लिफर्डच, आणि त्यानेही आपल्यासारख्या दुसऱ्यांना खुर्ची मिळवून देण्यासाठी फारसे हातपाय हलवले नाहीत. त्याला दाराआत जायचं होतं आणि त्यासाठी त्याने वजनदार लोकांची सोबत निवडली. पेशंटनी पेशंटसाठी चालवलेली संस्था हा विचार यायला आणखी काही वर्षं जायची होती. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड इस्पितळातल्या काही पेशंटनी आपला गट केला आणि बाहेर पडल्यावरही भेटत राहिले. त्यातून १९४८ मध्ये फाउंटन हाऊस उभं राहिलं. तिथे येणाऱ्याला पेशंट म्हणत नाहीत, मेंबर म्हणतात.

क्लिफर्डच्या पुस्तकाची लागण मात्र दूरवर झाली होती. टोरंटोचे डॉ. क्लॅरेन्स हिंक्स यांना स्वतःला अधूनमधून नैराश्य यायचं. पुस्तक वाचून ते क्लिफर्डला भेटायला आले आणि १९१८ मध्ये त्यांनी कॅनडाची समिती काढली. तीच आजची कॅनेडियन मेंटल हेल्थ असोसिएशन. तिच्या शाखा गावोगावी आहेत. राहायची सोय, नोकरीसाठी मदत, बऱ्या झालेल्या माणसाची सोबत, व्यसनातून बाहेर पडायला आधार, अशी कामं त्या करतात. भारतातही ही लाट आली. रांचीच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख बर्कली-हिल यांनी १९२९ मध्ये इंडियन असोसिएशन फॉर मेंटल हायजीन स्थापन केली.

आपल्याकडे पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं ते अनिता आणि अनिल अवचट यांच्यामुळे. क्लिफर्डशी त्याचा थेट धागा नाही. पण व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसानेच नव्याने आलेल्याचा हात धरायचा, हे तिथलं रोजचं चित्र बघितलं तर क्लिफर्डच्या समितीत जे राहून गेलं ते इथे दिसतं.

मे १९३० मध्ये वॉशिंग्टनला मेंटल हायजीनची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पन्नासहून जास्त देशांतून तीन हजारांहून जास्त लोक आले. राष्ट्राध्यक्ष हूव्हर मानद अध्यक्ष. ज्याच्या बोलण्यावर वॉर्डातला अटेंडंट विश्वास ठेवत नव्हता, त्याच्या बोलावण्यावरून ही मंडळी जमली होती.

पण आजार गेला नव्हता, फक्त लांब उभा होता. मंदी आली, देणग्या आटल्या, समितीत नवी माणसं आली. क्लिफर्ड थकत गेला. १९३९ मध्ये त्याने कामातून अंग काढून घेतलं आणि प्रॉव्हिडन्स गावच्या बटलर इस्पितळात स्वतःहून भरती झाला. जुनी उदासी परत आली होती आणि जुने संशयही. यावेळी ७९८ दिवसांनी सुटका झाली नाही. ९ जुलै १९४३ ला, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्याच इस्पितळात तो गेला.

१९५० मध्ये त्याची राष्ट्रीय समिती इतर दोन संस्थांसोबत एकत्र आली. तीच आज मेंटल हेल्थ अमेरिका. १९५३ मध्ये या मंडळींनी देशभरातल्या मनोरुग्णालयांतून पेशंटना बांधायच्या जुन्या बेड्या आणि साखळ्या गोळा केल्या, बाल्टिमोरच्या भट्टीत वितळवल्या आणि त्यांची ३०० पौंडांची घंटा ओतली. न्यू हेवनचं ते १९१३ चं क्लिनिक अजून चालू आहे. तिथे आता मुख्यतः मुलं आणि त्यांचे आईवडील येतात. नाव क्लिफर्ड बिअर्सचंच आहे.